ओबी-वान तेव्हा खरंच बोलत होता

की-आदी-मुंडी नेमका कोणत्या साली जन्मला, या प्रश्नावरून आमच्याकडच्या दोन पोट्ट्यांचं मागच्या हिवाळ्यात बोलणं बंद झालं होतं. एक माझा भाचा, दुसरा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. एकाच्या घरची तूर आणि दुसऱ्याच्या घरचा हरभरा, मध्ये फक्त एक धुरा. धुऱ्यावरून भांडले असते तर गावाला समजलं असतं. तलाठी, मोजणी, कोर्ट, त्याचे रस्ते ठरलेले आहेत. पण हा मुंडी कोण, कोणत्या गावचा, आणि त्याच्या जन्माच्या दाखल्याशी या पोट्ट्यांना काय करायचं आहे, हे कोणालाच कळेना.

तर तो ‘स्टार वॉर्स’ या हॉलिवूडच्या अवकाशातल्या चित्रपटमालेतला एक जेडाय, म्हणजे लढवय्या साधू. शंकूसारखं उंच डोकं, पांढरी दाढी, जेडायांच्या परिषदेत बसणारा वजनदार गृहस्थ. १९९९च्या चित्रपटात तो ठासून सांगतो, की सिथ, म्हणजे जेडायांचे जुने वैरी, हजार वर्षांपूर्वीच नामशेष झालेत. मग २०२४मध्ये ‘दि ॲकोलाइट’ नावाची मालिका आली. तिचा काळ त्या चित्रपटाच्या सुमारे शंभर वर्षं आधीचा, आणि तिच्या एका भागात हेच शंकूचं डोकं दिसलं. झालं! जुन्या कादंबऱ्या-कॉमिक्सच्या काळातल्या नोंदीप्रमाणे १९९९च्या गोष्टीत हा माणूस साठीचा. मग शंभर वर्षं आधी तो तिथं काय करून राहिला होता?

भाचा म्हणे, ते जुनं साहित्य कंपनीने २०१४मध्येच रद्द केलं, त्यामुळे ती जन्मतारीखही रद्द. दोस्त म्हणे, “रद्द करणारे ते कोन बे?”

वाद पेटला तो जागलीवर. हरभऱ्याला घाटे धरायला लागले की रात्री रोही आणि रानडुकरं शेतात उतरतात. मचाणावर बसायचं, बॅटरीचा झोत फिरवायचा, तेलाचा रिकामा डबा बडवायचा, मधून मधून घसा फाटेस्तोवर ओरडायचं. दोन आरोळ्यांच्या मधला वेळ मोठा असतो. आमच्या लहानपणी त्या वेळात चकव्याच्या आणि हडळीच्या गोष्टी व्हायच्या. आता मचाणावरच तेवढी रेंज मिळते, म्हणून पोट्टे तिथं हिंदीत डब केलेले चित्रपट बघतात आणि मग सकाळपर्यंत त्यांची चिरफाड करतात. खाली शेकोटीत हुळा भाजत असतो. मीही अधूनमधून जातो. राखणीला म्हणून जातो असं घरी सांगतो.

वर्षं मोजायची त्यांची रीत मला फार आवडते. १९७७च्या पहिल्या चित्रपटाच्या शेवटी नायक ल्यूक शत्रूचा डेथ स्टार नावाचा अवाढव्य अवकाशतळ उडवतो, ती याविनची लढाई म्हणजे शून्य. आधीची वर्षं उलटी मोजायची, नंतरची सुलटी. १९९९चा चित्रपट याविनपूर्व ३२, २००२चा याविनपूर्व २२, २००५चा याविनपूर्व १९ आणि १९८३चा याविननंतर ४. आपल्याकडे शालिवाहनाचा शक, त्यांच्याकडे स्फोटाचा. आणि हे सगळं पंचांग मागाहून मांडलेलं. १९७७मध्ये पहिला चित्रपट लागला तेव्हा त्याच्या पाटीवर ‘भाग चौथा’ असं काही नव्हतंच. ते १९८१मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा घातलं. आधी गोष्ट झाली, मग तिचा अनुक्रमांक आला आणि मग तिच्या आधीच्या तीन गोष्टी.

मागाहून मांडलेल्या पंचांगात गोम निघणारच. ल्यूकचा जेडाय गुरू ओबी-वान, त्याच्या वयाचंच घ्या. हिशेबाने त्याचा जन्म याविनपूर्व ५७चा, म्हणजे पहिल्या चित्रपटात तो मरतो तेव्हा सत्तावन्न वर्षांचा. पडद्यावर मात्र ॲलेक गिनेस. जन्म १९१४, चित्रीकरण १९७६मध्ये. म्हणजे माणूस बासष्टचा आणि रूप त्याहून थकलेलं. २००५च्या चित्रपटात हाच ओबी-वान म्हणजे पस्तिशीच्या उंबऱ्यावरचा, तांबूस दाढीचा इवान मॅकग्रेगर. गोष्टीत या दोघांमधलं अंतर एकोणीस वर्षांचं. एकोणीस वर्षांत माणूस इतका कसा वाळला, यावर जगभर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.

शेकोटीशी बसलेले आमचे एक काकाजी हे ऐकत होते. त्यांनी मोबाइल मागून घेतला, हातभर लांब धरून दोन्ही फोटो पाहिले.

“हा काय करते?”

“काही नाही काकाजी. वाळवंटात लपून राहाते.”

“ऊन?”

“दोन सूर्य आहेत तिथं.”

काकाजींनी मोबाइल परत दिला. “मंग बराच टिकला म्हना.”

काकाजी स्वतः साठीच्या आतले आहेत. एसटीत कॉलेजची पोरं त्यांना पंचाहत्तरीचे समजून उठून जागा देतात आणि ते बिनदिक्कत बसतात. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, त्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला ओबी-वानचं कोडं पडत नाही. नंतर पोट्ट्यांनी त्यांना त्या वाळवंटी ग्रहावरची, टॅटूइनवरची, शेती समजावून सांगितली: तिथं पाऊस नाही, यंत्रं लावून हवेतला ओलावा गोळा करतात आणि ते पाणी हेच पीक. काकाजींचा पहिला प्रश्न, “त्याईले लाईट रातची असते का दिवसाची?” याचं उत्तर स्टार वॉर्सच्या कोणत्याही कोशात मला सापडलेलं नाही.

पण वय हा किरकोळ मामला. माझ्या मते या सगळ्या भांडणांचं मूळ ओबी-वानच्या एका बोलण्यात आहे. १९७७मध्ये तो ल्यूकला सांगतो, की डार्थ वेडर नावाच्या माझ्या शिष्याने दगा दिला आणि तुझ्या वडिलांना मारलं. १९८०मध्ये तोच खलनायक वेडर म्हणतो, मीच तुझा बाप. १९८३मध्ये मेलेला ओबी-वान पुन्हा ल्यूकसमोर येतो आणि समजावतो, की एका बाजूने पाहिलं तर मी बोललो ते खरंच होतं. वेडर झाला त्या दिवशी तुझा चांगला बाप मेलाच की. भाच्याला हे फार सखोल वाटतं. त्याच्या दोस्ताला हा पळपुटेपणा वाटतो.

आता पडद्यामागचं ऐका. दुसऱ्या चित्रपटाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट या लेखिकेने लिहिला. त्यात ल्यूकच्या वडिलांचं भूत स्वतः येऊन मुलाला भेटतं. वेडर हा वेगळाच माणूस आहे. मार्च १९७८मध्ये ब्रॅकेट गेल्या. त्यानंतर ‘स्टार वॉर्स’चा कर्ता जॉर्ज लूकस याने स्वतः लेखणी घेतली आणि त्याच्या मसुद्यात वेडर हा बाप झाला. हे त्याच्या मनात पहिल्यापासूनच होतं असं म्हणणारेही आहेत, पण कागद दुसरंच सांगतात. म्हणजे १९७७मध्ये ओबी-वान खोटं बोललाच नव्हता! तो खरंच सांगत होता. त्याचं खरं तीन वर्षांनी खोटं ठरलं आणि आणखी तीन वर्षांनी बिचाऱ्याला मेल्यावर येऊन सारवासारव करावी लागली. एखाद्या पात्रावर याहून मोठा अन्याय मला तरी आठवत नाही. मालकाने फेरफार केला आणि जबाब साक्षीदाराला द्यावा लागला.

फेरफाराची चटक लागली की सुटत नाही. दारूच्या गुत्त्यात हान सोलो समोर बसलेल्या ग्रीडोला गोळी घालतो, तो प्रसंग बघा. १९७७मध्ये गोळी एकट्या हानची. १९९७च्या आवृत्तीत ग्रीडो आधी झाडतो आणि चुकतो. २००४मध्ये दोघं जवळजवळ एकदमच झाडतात. २०१९मध्ये ग्रीडोच्या तोंडी मरण्याआधी ‘मॅक्लंकी’ असा एक शब्द आला. हान आधी पैशासाठी जगणारा बदमाश होता आणि मग सुधारला, हीच त्याची गोष्ट. त्याला पहिल्यापासून सज्जन करून ठेवलं तर सुधारायला उरलं काय? या एका बाबतीत मी कोणाशीही हुज्जत घालायला तयार आहे.

ल्यूकच्या जुळ्या बहिणीची, लेयाची आठवण मात्र मला वेगळी वाटते. १९८३च्या चित्रपटात ल्यूक तिला विचारतो, तुला तुझी खरी आई आठवते का. ती म्हणते, थोडीशी. मी फार लहान असताना ती गेली, सुंदर होती, मायाळू, पण उदास. पुढे २००५मध्ये दाखवलं, की त्यांच्या आईने, पद्मेने, जुळ्यांना जन्म दिला आणि तिथंच डोळे मिटले. मग लेयाला आठवतं कोण? कोणी म्हणतं सांभाळणारी आई, कोणी म्हणतं फोर्स नावाच्या अदृश्य शक्तीची किमया. ठिगळं पुष्कळ. मला ठिगळाची गरजच वाटत नाही. माझे आजोबा माझ्या जन्माआधी गेले. तरी त्यांचं अंगणात खाकरणं, बैलाला नावाने रागावणं, जेवताना शेवटचा घास कुत्र्यासाठी ठेवणं मला आठवतं. आजीने सांगितलं, आईने सांगितलं, बापाने सांगितलं, आणि ते कधीतरी माझं झालं. त्याच प्रसंगात ल्यूक म्हणतो, मला आईची काहीच आठवण नाही. त्याच्या काका-काकूंच्या घरी बापाच्या विषयावरही तोंडाला कुलूप होतं, हे पहिल्या चित्रपटातच दिसतं. जिथं सांगणारं कोणी असतं तिथं न पाहिलेलंही आठवतं. मला तर तारखेतली ही चूक त्या भावंडांबद्दल सगळ्यात खरं काही सांगून जाते असं वाटतं, आणि कोणी ती दुरुस्त करू नये.

दोस्ताच्या प्रश्नाकडे येतो. रद्द करणारे ते कोण?

२०१२च्या ऑक्टोबरमध्ये डिस्नेने लूकसची कंपनी चार अब्ज डॉलरहून थोड्या जास्त किमतीला घेतली. २०१४च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं, की आजवरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ हे सगळं आता ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा. चित्रपट, ‘क्लोन वॉर्स’ मालिका आणि इथून पुढचं तेवढं अधिकृत. त्याआधी एक पायऱ्यांची पद्धत होती. लीलंड ची नावाचे गृहस्थ कंपनीत २०००पासून ‘होलोक्रॉन’ नावाची मोठी नोंदवही सांभाळत. लूकसचा शब्द सगळ्यात वर, त्याखाली दूरचित्रवाणी, त्याखाली पुस्तकं, असा मान ठरलेला. वरच्याने खालच्याला खोटं पाडलं तरी खालचं आपल्या पायरीवर बसून राही. २०१४मध्ये पायऱ्या काढून एक भिंत घातली. अलीकडचं खरं, पलीकडचं दंतकथा.

व्यवहार म्हणून मला हा निर्णय समजतो. नवे चित्रपट काढायचे तर वीस-पंचवीस वर्षांच्या कादंबऱ्यांचं ओझं कोण वाहील? आणि भिंत तशी पक्कीही नाही. १९९१च्या कादंबरीतला निळ्या कातडीचा सेनापती थ्रॉन २०१४मध्ये दंतकथेत गेला आणि २०१६मध्ये ॲनिमेशन मालिकेतून पुन्हा हजेरीपटावर आला. पण ज्याला पुढचा माल विकायचा आहे त्याला एकच इतिहास लागतो. ऐकणाऱ्याला कशाला लागावा? आमचे पोट्टे कंपनीचं काम फुकटात अंगावर घेतात, एक तारीख खरी ठरवून बाकीच्या जाळायला निघतात, तेव्हा मला त्यांची कीव येते.

आमचं गाव मोर्शी तालुक्यातलं, ऋद्धपूर जवळ. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालंय. त्याच ऋद्धपुरात तेराव्या शतकात, साधारण १२७८च्या सुमारास, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या. लीळाचरित्र ते हेच, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन विचारायचं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं आणि मग लिहायचं, असं ते काम. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली असं परंपरा सांगते. शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणारे अनेक, म्हणून पाठही अनेक. आणि ते मतभेद त्यांनी पुसले नाहीत. हा प्रसंग अमक्याच्या मते असा, तमक्याच्या मते तसा, हे पोथीत शेजारी शेजारी लिहून ठेवलं. लीळा ज्या ज्या जागी घडल्या त्यांची नोंद करणारी स्थानपोथी आणखी निराळी.

श्रद्धेचा ग्रंथ आणि तिकीट काढून बघायचा चित्रपट एका पारड्यात घालायची माझी मुळीच इच्छा नाही. मी बघतो ती नोंद ठेवायची रीत. पोथी हरवल्याचं दुःख ज्यांना ठाऊक होतं त्यांनी एकही आठवण फेकली नाही, सांगणाऱ्याचं नाव घालून जपली. सातशे वर्षांपूर्वी आमच्या शिवाराजवळ ज्या माणसांना हे सुचलं, त्यांच्यासमोर ‘हे खरं, ते रद्द’ ही भाषा किती दरिद्री वाटते!

हे मी दोघांनाही ऐकवलं आणि म्हटलं, एक वही करा, डाव्या पानावर साल, उजव्या पानावर कोण काय म्हणतं ते सगळं. भाच्याने वही केली. दोघं बोलायला लागले ते मात्र वहीमुळे नाही. एका रात्री रानडुकरांचा कळप एकाच वेळी तुरीत आणि हरभऱ्यात शिरला आणि डबा बडवायला दोन माणसं लागली. सकाळी बांधावर बसून दोघं पुन्हा मुंडीवर आले होते. वहीत आता त्याचं एक आख्खं पान आहे.

पुढचं भांडण झालं ते माझ्या बहिणीमुळे. पोट्टे रात्ररात्र काय बघतात ते मलाही दाखवा, असं ताईने फर्मावलं. कोणत्या क्रमाने दाखवायचं? दोस्त म्हणे, जसे निघाले तसे, १९७७पासून. नाहीतर वेडर बाप निघतो तो धक्काच जातो. भाचा म्हणे, जसं घडलं तसं, याविनपूर्व ३२पासून. ताई म्हणाली, धक्का कशाला पाहिजे? तिचंही बरोबर होतं. आमच्याकडे भागवत सप्ताहात रुक्मिणी स्वयंवराचा दिवस येतो तेव्हा मंडपात मुंगी शिरायला जागा नसते, आणि पुढे काय होणार हे ठाऊक नसलेलं त्यात तान्हं लेकरूही नसतं. कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर, म्हणून आम्ही सगळे मुलीकडचे. अगस्त्याची लोपामुद्रा, नळाची दमयंती, अजाची इंदुमती, कृष्णाची रुक्मिणी, विदर्भाच्या या सगळ्या लेकी. मध्ये युगं गेली. पण आमची आजी त्यांच्याबद्दल बोलायची ती एकाच अंगणात वाढलेल्या बहिणींबद्दल बोलावं तशी, आणि कोण कोणाच्या आधीची हे विचारलं की म्हणायची, “तुले काय सोयरीक जुळवाची हाये?”

तर भाच्याचा क्रम ठरला. ताईने १९९९चा चित्रपट पाहिला. नऊ वर्षांचा ॲनाकिन, पुढे वेडर होणारा, गुलाम आईचा पोरगा, जेडायांबरोबर जातो. आई शमी मागेच राहते, गुलामच. मग २००२चा पाहिला. त्यात ॲनाकिन आईला शोधत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ती त्याच्या हातांत जीव सोडते. दिवे लागल्यावर पोट्टे क्लोनांच्या फौजेची मागणी कोणी नोंदवली यावर बोलायला लागले होते. ताईने त्यांना थांबवलं.

“मधात किती वर्षं गेली?”

“दहा,” भाचा म्हणाला. तारखा त्याला तोंडपाठ.

“दहा वर्षं त्या माऊलीले सोडवाले कोनीच गेलं नाही? राणी होती ना ते पद्मे? अन् हे एवढे ज्ञानी दाढीवाले?”

भाच्याने जेडायांच्या नियमांचा आधार घेतला: मोह धरायचा नाही, घरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं वाक्य गिळला. मग दोस्ताने मोबाइल काढला. त्याला आठवत होतं, २०१९च्या एका कादंबरीत यावर उतारा आहे. थोड्या वेळाने त्याला तो मिळाला. पद्मेने आपल्या विश्वासातल्या माणसांना टॅटूइनवर पाठवलं होतं, असं त्यात होतं.

“पाहा मावशी, पाठवलं होतं तिनं. पन त्याईले शमी सापडलीच नाही.”

भाचा लगेच वही घेऊन बसला, याविनपूर्व ३२ ते २२च्या मध्ये कुठे लिहायचं ते बघत. ताई ताटं गोळा करत होती. शमीला विकत घेऊन मोकळं करणारा आणि तिच्याशी लग्न लावणारा क्लीग लार्स तिने नुकताच पाहिला होता, तोच ओलाव्याची शेती करणारा.

“त्या कास्तकाराले बरी सापडली,” ती म्हणाली. “हे बी लिही त्याच्यात.”